क्लबच्या निधीतून आधी काय घ्यावे: बोलिंग मशीन की साइडआर्म?

कव्हरपॉइंट (धागाकर्ता)

आमच्या क्लबकडे सरावाच्या साहित्यासाठी निधी जमला असून बहुतेक सभासदांचा कल बोलिंग मशीन घेण्याकडे आहे. माझा त्याला विरोध आहे. त्याच निधीतून दोन-तीन साइडआर्म (हाताने चेंडू वेगात फेकायचे दांडे), भरपूर चामडी चेंडू आणि चांगल्या जाळ्या घ्याव्यात, असे मला वाटते.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत येतो. एवढ्या वेळात टप्पा ओळखून, पाय हलवून फटका खेळायचा असेल, तर चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाचा खांदा, मनगट आणि शिवणीवरची बोटे पाहून काही अंदाज बांधावा लागतो. मशीनसमोर उभ्या असलेल्या फलंदाजाला मात्र मशीनमध्ये चेंडू सोडणाऱ्याचा वर गेलेला हात तेवढा दिसतो आणि मग चेंडू एकदम मशीनच्या फिरत्या दोन चाकांमधून बाहेर पडतो. पिंडर, रेनशॉ आणि डेव्हिड्स या संशोधकांनी २००९ मध्ये उदयोन्मुख फलंदाजांचा अभ्यास केला, तेव्हा बॅट मागे नेण्याची वेळ आणि पुढच्या पायाची हालचाल गोलंदाजासमोर एक व मशीनसमोर दुसरी असल्याचे आढळले. म्हणजे आपण ज्याचा सराव करतो ते सामन्यात खेळतच नाही.

शिवाय मशीनमध्ये बहुधा खळगे असलेले प्लास्टिकचे चेंडू घालतात. त्यांना खऱ्या चेंडूसारखी उठावदार शिवण नसल्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू आत किंवा बाहेर जात नाही, आणि फलंदाजाला टप्प्यावर न जाता उभ्या उभ्या ड्राइव्ह मारायची सवय लागते. साइडआर्म म्हणजे टोकाला चेंडू अडकवायची वाटी असलेला लांब दांडा. त्याने खरा चेंडू वेगात टाकता येतो आणि टाकणाऱ्याचा हातही दिसतो. भारतीय संघासोबत राघवेंद्र हे अनेक वर्षे याच साधनाने फलंदाजांचा सराव घेत आले आहेत.

लेगग्लान्स

आपला मुद्दा अभ्यासपूर्ण असला तरी निष्कर्ष मला मान्य नाही. राघवेंद्र यांचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते, कारण साइडआर्म अचूक टाकणे हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येणारे कौशल्य आहे. नवख्या माणसाच्या हातात तो दिला की वाटीतून चेंडू कधी लवकर सुटतो, कधी उशिरा. लवकर सुटला तर थेट फलंदाजाच्या छातीवर टप्पा न पडता फुल टॉस येतो, उशिरा सुटला तर टाकणाऱ्याच्या पायाशी आपटतो. क्लबात असा तरबेज माणूस रोज संध्याकाळी कोठून आणायचा? आणि आणला तरी त्याच्या खांद्याचा विचार कोणी करायचा?

ज्या मुलीला बरगडीकडे येणाऱ्या आखूड टप्प्याच्या चेंडूची भीती वाटते, तिला त्याच जागी, त्याच उंचीवर चेंडू पुनःपुन्हा खेळायला मिळाले पाहिजेत. सुरुवातीला वेग कमी ठेवून तो हळूहळू वाढवत नेणे मशीनवर सहज जमते. चाकांच्या वेगात फरक ठेवून आणि तोंड तिरके करून स्विंगही मिळवता येतो.

शिवाय गोलंदाजाचा हात दिसल्याशिवाय सरावच होत नाही, असे म्हटले तर ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज ब्रॅडमन यांचे काय? लहानपणी ते बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा चेंडू आपटून परत आलेला स्टंपने मारत असत. तेथे कोणाचाही हात नव्हता.

बॅकफूट

दोन्ही पक्षांना विनंती आहे की आधी हेल्मेटांकडे पाहावे. क्लबच्या सामायिक पिशवीतली जुनी हेल्मेटे मुलांच्या डोक्यावर सैल बसतात. बीएस ७९२८:२०१३ या क्रिकेट हेल्मेटांच्या ब्रिटिश मानकात चेंडू जाळी आणि टोप यांच्या फटीतून चेहऱ्यापर्यंत घुसतो का, हे तपासले जाते. ज्या हेल्मेटावर या मानकाची खूण नाही, ते वेगवान सरावातून काढून टाकावे. मशीन घ्या किंवा साइडआर्म, वेग वाढणारच आहे.

तिसरी स्लिप

सारी चर्चा वेगवान गोलंदाजीपुरती चालली आहे, याचे नवल वाटते. मशीन चेंडूला फिरकी देते, पण गुगली (लेगस्पिनरचा उलट्या दिशेने वळणारा चेंडू) हातातून ओळखायला शिकवत नाही. साइडआर्मचा तर फिरकीशी फारसा संबंधच नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नला सामोरे जाण्यापूर्वी सचिन तेंडुलकर यांनी लेग स्टंपबाहेरची खेळपट्टी उकरून घेतली आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना अराउंड द विकेट (स्टंपच्या दुसऱ्या बाजूने येऊन) त्या खडबडीत जागेवर गोलंदाजी करायला सांगितले. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात तेंडुलकर ४ धावांवर वॉर्नलाच बळी पडले, दुसऱ्या डावात मात्र नाबाद १५५ धावा केल्या. त्या तयारीला विकतचे एकही यंत्र लागले नव्हते. सरावाची एक खेळपट्टी मुद्दाम खराब ठेवण्याचा विचार कोणी का करत नाही?

कव्हरपॉइंट

@लेगग्लान्स, ब्रॅडमन यांचे उदाहरण मला उलट उपयोगी वाटते. विटांवरून परतणारा गोल्फचा चेंडू कसा येईल, हे आधी सांगता येत नव्हते. मशीनची मांडणी एकदा केली की फलंदाजाला पुढचा चेंडू कोठे पडणार हे ठाऊक असते, मग त्याचा पाय चेंडू सुटायच्या आतच पुढे पडतो. आमच्या नेटमध्ये पाहुणे म्हणून आलेले काही फलंदाज मी असे खेळताना पाहिले आहेत. भित्र्या मुलीबद्दलचा आपला मुद्दा मात्र योग्य आहे. तिच्यासाठी मी टेनिसचा चेंडू भिजवून सिमेंटच्या पट्टीवर सहा-सात पावलांवरून हातानेच टाकेन. तो सपकन अंगावर येतो आणि लागला तरी इजा होत नाही.

लेगग्लान्स

भिजलेला चेंडू घसरत येतो, बरगडीपर्यंत उसळत नाही, त्यामुळे तिची मूळ अडचण तशीच राहील. मांडणीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे: चेंडू सोडणाऱ्याने फलंदाजाला न सांगता दर दोन-तीन चेंडूंनी टप्पा बदलावा, आणि प्रत्येक वेळी चेंडू वर धरून दाखवावा, म्हणजे बेसावध असताना चेंडू येणार नाही. कामचुकार हातात मशीन निरुपयोगी ठरते, हे मान्य आहे. पण साइडआर्म अशा हातात धोकादायक ठरतो. म्हणून सभेत माझे मत मशीनलाच राहील, मात्र ते चालवायला शिकलेली दोन माणसे आधी नेमावीत, ही अट मी ठरावात घालायला सांगणार आहे.