शेकडा दीड आणि शेकडा दोन : स्वस्त कोणतं? मदत हवी आहे

वहीवाली

नमस्कार. मी आमच्या गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे, म्हणजे वही माझ्याकडे असते. आम्ही १४ जणी. दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये जमा करतो आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतो, महिना शेकडा दोन रुपये व्याजाने. माझं शिक्षण बारावीपर्यंत झालंय. हिशेब मी मन लावून करते, पण या वेळी अडकले आहे.

गटातल्या एका ताईंना शेळ्या घ्यायला १२,००० रुपये हवे आहेत. गावात एका खासगी कंपनीचा माणूस कर्ज द्यायला येतो. तो त्यांना म्हणाला, "गट शेकडा दोन घेतो, आमचं शेकडा दीडच आहे." झालं, बायकांमध्ये चर्चा सुरू झाली की आपण आपल्याच बहिणींना महाग कर्ज देतोय. हे मला फार लागलं. म्हणून रात्री बसून दोन्ही हिशेब मांडले.

आमच्या गटात दरमहा १,००० मुद्दल फेडायचं आणि जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्यात २४०, मग २२०, मग २००, असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. बारा महिन्यांचं व्याज १,५६०.

कंपनीत १२,००० चे शेकडा दीडने १८०, आणि ते बाराही महिने तेवढेच. म्हणजे २,१६०. हप्ता ११८० रुपयांचा ठरलेला.

दर कमी असूनही व्याज ६०० रुपयांनी जास्त! तीनदा मांडून पाहिलं. शिवाय ३०० रुपये प्रोसेसिंगचे म्हणून आधीच कापतात, हातात ११,७०० येतात.

माझं कुठे चुकतंय का? कंपनीचा दर आमच्या पद्धतीने मोजला तर किती होईल? आणि हे बायकांना समजावू कसं? निम्म्याजणींना आकडेमोड जमत नाही. गुरुवारी बैठक आहे.

निवृत्त गणित शिक्षक

ताई, काहीही चुकलेलं नाही. तुमचा हिशेब चोख आहे.

शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो, दर साल दर शेकडा. त्यात 'दर' दोनदा येतो हे मी मुलांना मुद्दाम दाखवायचो. किती काळाला, आणि किती रुपयांमागे. दोन्ही सांगितल्याशिवाय व्याजाचा आकडा पुरा होत नाही. तुमचा गट आणि तो माणूस, दोघंही 'महिना' आणि 'शेकडा' म्हणतात, म्हणून दोन आणि दीड शेजारी ठेवून तुलना केली जाते. पण शेकडा कोणता? गटाचा शेकडा अजून तुमच्याकडे असलेल्या पैशाचा आहे, कंपनीचा शेकडा पहिल्या दिवशी घेतलेल्या पैशाचा. त्या पैशातला बराचसा तुम्ही परत केलेला असला तरी.

हे मोजायची एक जुनी रीत आहे. पहिला महिना १२ हजार वापरले, दुसरा महिना ११ हजार, असं करत शेवटचा महिना १ हजार. बेरीज ७८ हजार. म्हणजे ७८,००० रुपये एक महिना वापरल्यासारखं झालं. गटाचं व्याज १,५६० भागिले ७८,०००, बरोबर २ टक्के. कंपनीचं २,१६० भागिले ७८,०००, साधारण २.७७. शेकडा दीड नव्हे, शेकडा पावणेतीन म्हणा.

कर्ज विभागात २० वर्षं

सरांची रीत अंदाजाला उत्तम आहे. नेमका आकडा थोडा कमी, महिना २.६४ टक्के येतो. कारण ठरलेल्या हप्त्यातून आधी व्याज वळतं होतं, उरलेलं मुद्दलात जातं. पहिल्या ११८० मधले सुमारे ३१७ व्याजात जातात आणि मुद्दल ८६३ च फिटतं. म्हणजे मुद्दल सुरुवातीला हजारापेक्षा हळू उतरतं.

एक्सेलमध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. त्यात क्रमाने १२, उणे ११८० आणि १२,००० भरा. हातात ११,७०० च येत असतील तर १२,००० च्या जागी ११,७०० भरा. मग दर ३.०७ होतो. वर्षाचा काढला तर शेकडा दीड म्हणजे १८ टक्के असं वाटणारं कर्ज प्रत्यक्षात ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्या गटाचं २४.

आता कामाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावाच लागतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे आकार (प्रोसेसिंगसारखे खर्च) धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. जो आकार त्या कागदावर नाही तो तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तेव्हा त्या माणसाशी दीड की दोन असा वाद घालू नका, तो कागद मागा. कागद नसेल तर कंपनी रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का ते आधी बघा.

वहीवाली

सर, दादा, मनापासून आभार. '७८ हजार एक महिना' हे वाचून डोळे उघडले. मला समजलं, पण बैठकीत भागाकार चालणार नाही.

दूध संकलन केंद्रावरून

ताई, तुमच्या गटातल्या बायका दूध घालतात का? घालत असतील तर दर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. सकाळी १० लिटर ३.२ फॅटचं आणि संध्याकाळी ४ लिटर ४.२ फॅटचं दूध घालणारी बाई दिवसाची फॅट ३.७ पडली असं कधी म्हणत नाही. सकाळचं दूध जास्त, म्हणून सकाळच्या फॅटचं वजन जास्त, हे तिला ठाऊक असतं. (खरी सरासरी ३.४९ येते.)

त्यांना एवढंच विचारा. केंद्रावर लिटरमागे वाहतूक कापतात. सकाळी १० लिटर घातलं म्हणून संध्याकाळच्या ४ लिटरवरही १० लिटरची कपात केली, तर चालेल का? बघा काय उत्तर येतं.

वहीवाली

बैठक झाली. लिहायला दोन दिवस उशीर झाला, घरी पाहुणे होते.

दुधाचा प्रश्न विचारला आणि एकदम गलका झाला. "असं कुठं असतं का!" मग मी सतरंजीवर १२ खडे ठेवले, एक खडा म्हणजे हजार रुपये. दर महिन्याला एक खडा माझ्याकडे परत घ्यायचा आणि विचारायचं, "आता व्याज किती खड्यांचं?" सहा खडे परत आल्यावर मी म्हटलं, कंपनी अजून बाराचंच घेतेय. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी मागे बसल्या होत्या, आयुष्यात शाळेत गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जो खडा तुझ्या हातात दिला त्याचं व्याज मी का भरू?" सगळ्याजणी गप्प झाल्या. यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. गटाकडे या महिन्यात ९,००० च शिल्लक होते. बायका कंपनीकडे जातात त्या दर बघून नाही जात, तिथे पूर्ण रक्कम एकदम मिळते म्हणून जातात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेवटी ठरलं की ताईंनी आत्ता ९,००० घ्यायचे, आणि उरलेले ३,००० पुढच्या महिन्याची वर्गणी आणि हप्ते जमा झाले की. एक शेळी महिनाभर उशिरा येईल. त्यांना ते पटलं.

अजून एक विचारायचं आहे. आमच्याच एका सभासदांनी कंपनीकडून याच अटींवर १२,००० आधीच घेतलेत, पाच हप्ते भरून झालेत. म्हैस विकल्यामुळे हातात पैसे आहेत, एकदम फेडायचं म्हणतात. कंपनीचा माणूस म्हणतो, सात हप्ते राहिले, सात गुणिले ११८० म्हणजे ८,२६० भरा. हे बरोबर आहे का?

कर्ज विभागात २० वर्षं

नाही. त्या ८,२६० मध्ये पुढच्या सात महिन्यांचं व्याज आहे, आणि ते महिने अजून आलेलेच नाहीत. २.६४ ने मोजलं तर पाच हप्त्यांनंतर मुद्दल शिल्लक साधारण ७,४५० राहतं. ८०० रुपयांचा फरक आहे.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल आणि कर्ज विनातारण असेल, तर ते रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज ठरतं. अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. आजच्या तारखेला मुद्दल किती बाकी, हे लेखी मागा. पैसे भरल्यावर पावती आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र, दोन्ही घेतल्याशिवाय उठू नका.

वहीवाली

सोमवारी तो माणूस वसुलीला येतो. मी त्या ताईंबरोबर जाणार आहे, वही घेऊन. आकडा लेखी मागणार. काय झालं ते इथेच लिहीन.