नवऱ्याला एल-१ की एच-१बी, माझ्या कामाचं काय?

चाफा: नमस्कार मंडळी, नवऱ्याला त्याची कंपनी एल-१बी वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) अमेरिकेला पाठवतेय आणि दुसरीकडून एच-१बी (तिथल्या कंपनीच्या नोकरीचा व्हिसा) ची ऑफर पण आहे, म्हणजे व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला तर. मी फिजिओथेरपिस्ट, ९ वर्षं काम करतेय, मुलगी ११ वर्षांची. सगळे सांगतात एच-१बी घ्या, नोकरी बदलता येते. पण मला तिथे जाऊन घरी बसायचं नाहीये, खरंच नाही. माझ्या दृष्टीने काय बरं? आणि मुलीचं काही बघावं लागतं का?

पाऊलवाट: तुमच्यापुरतं बघायचं तर एल-१. जोडीदाराला एल-२ मिळतो आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यावर काम करायला वेगळं ईएडी कार्ड (कामाचा परवाना) लागत नाही. फक्त पोचल्या पोचल्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) एल-२एस, म्हणजे एल-२ वरचा जोडीदार, असं आलंय ना ते बघा, एचआर तेच मागतात. एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) चं तसं नाही, नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर पाहिजे किंवा ग्रीन कार्डची प्रोसेस चालू असल्यामुळे त्याचा एच-१बी ६ वर्षांपुढे वाढलेला पाहिजे, तेव्हा कुठे ईएडी चा अर्ज करता येतो. मी ४ वर्षं एच-४ वर घरी होते, कंपनी दरवेळी पुढच्या वर्षी पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी, ती कंपनीच करते) करू म्हणायची. फार जड गेले ते दिवस. त्यामुळे पर्म कधी चालू करणार हे जॉइन व्हायच्या आधीच विचारा आणि ईमेलवर घ्या.

दीपमाळ: वरचं बरोबर आहे पण एल-१बी ५ वर्षांत संपतो म्हणजे संपतोच, आय-१४० मंजूर असली तरी वाढत नाही. एच-१बी मात्र आय-१४० झाली की ६ वर्षांनंतरही ३-३ वर्षांनी वाढवता येतो, आणि एल-१ वर काढलेली वर्षं त्या ६ मध्येच धरतात हे बरेच जण विसरतात. म्हणून एल-१ वर जा, पर्म लगेच लावा, आय-१४० हातात आली की मगच एच-१बी वर जा, म्हणजे तुम्हाला एच-४ वर ईएडी मागता येईल. कार्ड यायला काही महिने जातात, तेवढी गॅप धरून चला. मुलीचं मला जास्त वाटतं. २१ पूर्ण झाली की ती तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर. एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे ईबी-२, ईबी-३ मध्ये (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचे वर्ग) भारतीयांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे आणि तुमच्याकडे दहाच वर्षं आहेत. आय-१४० पेंडिंग होती तेवढे दिवस तिच्या वयातून वजा होतात पण ते काही फार नसतात. मॅनेजरची पोस्ट असेल तर एल-१ए मागून बघा, ७ वर्षं मिळतात आणि पुढे ईबी-१ ची वाट उघडते, ती रांग बरीच छोटी आहे.

केशरीसंध्या: चाफा, मी पण फिजिओच. व्हिसाने काम करायची मुभा मिळते, पेशंटला हात लावायची नाही! लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं, आधी डिग्रीचं इव्हॅल्युएशन मग एनपीटीई परीक्षा. विषय कमी भरले तर कोर्स करावे लागतात. युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबस निघायच्या आधीच काढा, तिथून ते करणं फार त्रासाचं होतं.

चाफा: मनापासून आभार, ट्रान्सक्रिप्टचं सोमवारीच बघते. पर्मचं एचआरला विचारायचं का कंपनीच्या वकिलाला?

पाऊलवाट: एचआरला. वकील कंपनीने नेमलेला असतो, खर्चाचा आणि तारखेचा निर्णय कंपनीच घेते. मुलीच्या वयाचं मात्र स्वतःचा वकील गाठून एकदा विचारून घ्या.