मदत हवी आहे: स्वतःचा व्यवसाय, अनियमित उत्पन्न आणि पेन्शनची सोय

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून गेली १४ वर्षे आर्किटेक्ट आणि बिल्डर यांच्यासाठी इमारतींचे आरसीसी डिझाइन करून देतो. वय ४१. नोकरी कधीच केली नसल्यामुळे भविष्य निर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी यांपैकी काहीच गाठीशी नाही. साठीनंतर दरमहा हातात काय पडेल, या प्रश्नाचे आजचे खरे उत्तर ‘काही नाही’ असे आहे.

पैसे कमी येतात अशी अडचण नाही. ते कधी येतील याचा नेम नाही. बिलाची उरलेली रक्कम बहुधा स्लॅब पडल्यावरच मिळते (आमच्या धंद्यात स्लॅब ‘पडला’ ही शुभवार्ता असते), आणि पावसाळ्यात बांधकामे मंदावली की माझी वसुलीही थांबते. जमाखर्चाची वही समोर आहे. गेल्या मार्चमध्ये २,३५,००० रुपये जमा झाले, मे महिन्यात ४१,०००, आणि जुलैच्या पानावर एका जुन्या बिलाच्या ६,५०० रुपयांखेरीज एकही नोंद नाही. वर्षाची बेरीज साधारण १२ लाख होते. घरखर्च महिन्याला ५०,००० आहे. महागाई ६ टक्के धरली, तर १९ वर्षांनी त्याच घराला दीड लाख लागतील, हा हिशेब केल्यापासून झोप उडाली आहे.

सहा वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका एजंटच्या सांगण्यावरून ‘पेन्शन प्लॅन’ घेतला होता. वर्षाला ३०,००० रुपयांचा हप्ता आणि तोही नेमका ऑगस्टमध्ये. दोन हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी पैसे अडकलेले असल्यामुळे भरता आला नाही आणि पॉलिसी बंद पडली. भरलेल्या पैशांपैकी फारच थोडे परत आले. तेव्हापासून ठरावीक हप्ता हा शब्द ऐकला तरी मी मागे सरकतो.

आता एक जण एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन प्रणाली) घे म्हणतो, कारण ५०,००० रुपयांची जादा करवजावट मिळते; दुसरा म्हणतो की पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) सोडून कशाच्याही नादी लागू नको. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी, आणि हप्ता चुकला तर खाते बंद पडणार नाही अशी सोय कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

तुम्ही वहीतली पाने समोर ठेवून प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी स्वतः २२ वर्षे स्वतंत्रपणे काम करतो आहे आणि तुमच्यासारखीच एक बंद पडलेली पॉलिसी माझ्याही कपाटात आहे.

आधी करवजावटीचे भूत उतरवू या. ही ५०,००० रुपयांची जादा वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमचे विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीखाली, म्हणजे खर्चाचा तपशील न देता, भरले जात असेल, तर १२ लाखांच्या जमेवर निम्मे, म्हणजे ६ लाख, एवढे उत्पन्न धरले जाते आणि २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी गुंतवणूक कशाला करायची? शिवाय व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला नोकरदाराप्रमाणे दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. एकदा जुनी निवडून पुन्हा नवीत आलात की परतीची वाट बंद होते. म्हणून कर हा मुद्दा बाजूला ठेवा आणि पेन्शन म्हणूनच पेन्शनकडे पाहा.

एनपीएस २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. तिच्यात वर्षाला किमान १,००० रुपये भरले की टियर १, म्हणजे मुख्य पेन्शन खाते, चालू राहते. त्यापुढे कधी आणि किती भरायचे हे तुमच्या हातात असते. जुलै कोरडा गेला म्हणून कोणी दारात येत नाही. पूर्वी साठीला जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारे आजीव पेन्शन, विकत घ्यावी लागे. डिसेंबर २०२५च्या बदलानंतर बिगरसरकारी सभासदांसाठी ही अट २० टक्क्यांवर आली आहे. या वार्षिकीच्या रकमेवर दरवर्षी कर लागतो आणि तिचा दर खरेदीच्या दिवशी कायमचा ठरतो, हे विसरू नका. पैसे एकदा आत गेले की सहजासहजी बाहेर काढता येत नाहीत. माझ्या मते हा गुणच आहे, पण आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवला असेल तरच.

पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के आहे आणि नव्या प्रणालीतही ते करमुक्तच आहे. मुदत १५ वर्षांची असून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, म्हणजे तुमच्या साठीशी ती जवळपास जुळते. एक गोष्ट व्यावसायिकांना क्वचितच कोणी सांगते: ज्यांचे पैसे आपण देणे लागतो त्यांच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकुमानेही पीपीएफमधली रक्कम जप्त करता येत नाही. बिल्डरांशी व्यवहार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

मी दोन्ही ठेवली आहेत. पीपीएफ हा पाया आहे आणि महागाईला तोंड देण्यासाठी एनपीएसमध्ये शेअर बाजाराचा वाटा मोठा ठेवला आहे. तुमच्या वयाला तो ७५ टक्क्यांपर्यंत ठेवायला माझी हरकत नसेल. अटल पेन्शन योजनेचा विचार करू नका. तिच्यात चाळिशीपर्यंतच प्रवेश मिळतो.

राहिला प्रश्न हप्त्याचा. तुमचे बिल्डर प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरला जाणारा कर) कापत असतीलच. वर सांगितल्याप्रमाणे कर शून्य असेल, तर ती सगळी रक्कम रिफंड म्हणून परत येते. या रिफंडाचे आजवर तुम्ही काय करत आलात?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

खरे सांगायचे तर रिफंड कधी आला आणि कुठे गेला, हे वहीतही सापडत नाही. गेल्या वर्षी त्यातून फ्रिज आला, असे बायको म्हणते. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर सनदी लेखापालांना विचारले; विवरणपत्र अनुमानित तरतुदीखालीच जाते आणि करही शून्यच आहे, असे त्यांनी सांगितले. काही घरमालक टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे यंदाचा रिफंड ८८,४०० रुपये आला. कमाई वाढली की कपातही आपोआप वाढते आणि कोरड्या महिन्यात कोणी काही मागत नाही, असा हप्ता इतकी वर्षे माझ्याच नावाने कापला जात होता, हे मला कधी सुचले नव्हते.

पीपीएफचे व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात असे बँकेत कळल्यामुळे महिन्याच्या ३ तारखेलाच ५०,००० रुपये तिथे भरले. एनपीएसचे खाते ऑनलाइन उघडून त्यात ३०,००० टाकले आणि बायकोला नॉमिनी केले. उरलेले ८,४०० रुपये पुढच्या जुलैसाठी वेगळे ठेवले आहेत.