मदत हवी आहे: पहिल्याच पिचवर बॅट फिरवावी का?

मंडळी, मुलगी इथे नाशिकमध्ये शाळेच्या १४ वर्षांखालील सॉफ्टबॉल संघात खेळते. सर म्हणतात, पहिला पिच (म्हणजे टाकलेला चेंडू) सोडायचाच, पिचरचा (चेंडू टाकणारीचा) अंदाज घ्यायचा. मला पटत नाही. या वयातल्या बऱ्याच पिचर पहिला स्ट्राइक मिळवायला चेंडू सरळ मधोमध टाकतात. असा मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून हुकला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बाद; म्हणजे तो सोडला की तीनपैकी एक स्ट्राइक गेलाच. मग पोर घाबरून डोक्यावरच्या चेंडूलाही बॅट घालते. अर्थात, पिचरचा नेमच लागत नसेल तर थांबून चार ‘बॉल’वर (मारण्याच्या टप्प्याबाहेर गेलेले, न मारलेले चेंडू) पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा) फुकट मिळतो, हेही खरं. (क्रिकेटवाले आजोबा म्हणतात, ‘आधी नजर बसू दे.’ इथे तेवढी सवड कुठे?) आपल्या आवडीच्या जागेत आला तरच पहिला मारायचा, असा सराव कोणी घेतलाय का? कसा? आणि सरांना न दुखावता हे सांगायचं कसं?