उंच बॉनेटची सीजे ३बी : पुढची चाके थरथरतात, डाव्या नकलमधून तेल गळते

गारगोटीकर_३बी

नमस्कार मंडळी. आजोबांनी शेतीसाठी घेतलेली महिंद्राची सीजे ३बी जीप आमच्याकडे अजून आहे. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरचा बॉक्स शाबूत आहेत, मात्र सहा वर्षे ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या दिवाळीत कार्ब्युरेटर उघडून धुतला, टाकीतला गंज काढला, ब्रेकचे सगळे रबर बदलले आणि ती रस्त्यावर आणली. हे सगळे मी घरीच केले, त्यामुळे थोडा आत्मविश्वास आला आहे, पण पुढच्या एक्सलला मात्र अजून हात लावलेला नाही.

तक्रारी तीन आहेत. ताशी ४० ते ४५ च्या वेगात एखादा खड्डा किंवा पुलाचा जोड लागला की पुढची दोन्ही चाके अशी थरथरू लागतात की स्टेअरिंग हातात धरवत नाही, आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ती थरथर जात नाही. दुसरे म्हणजे डाव्या नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) गोळ्यावरून तेल ओघळते आणि रात्रभरात रिमच्या आतल्या बाजूला काळा डाग पडतो. तिसरे, ब्रेक जोरात दाबला की जीप उजवीकडे ओढते. एका गॅरेजमध्ये टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप) जुळवून आणि चाके बॅलन्स करून घेतली, पण आठवड्यात पुन्हा तेच सुरू झाले. आता तेथील मिस्त्री म्हणतात की स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) बसवा, थरथर बंद होईल, आणि तेलाचे म्हणाल तर जुन्या जीपला ते चालायचेच. डँपर घ्यावा का? की आधी दुसरे काही तपासावे?

उद्यमनगर_लेथ

गारगोटीकर, डँपरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत, पण माझ्या अंदाजाने त्यातल्या दोन तर निश्चितच आणि तिसरी बहुधा, एकाच डाव्या नकलपाशी येऊन मिळतात.

प्रथम थरथरीचे पाहू. समोरच्या एक्सलची रचना डोळ्यांसमोर आणा. नकल वरच्या आणि खालच्या किंगपिनवर फिरते, प्रत्येक पिनवर एक टेपर बेअरिंग असते आणि त्या बेअरिंगवर किती दाब राहावा हे पिनच्या टोपणाखालच्या पातळ पत्त्या ठरवतात. बेअरिंग झिजले की हा दाब नाहीसा होतो, नकल सैल होते, आणि एका चाकाला बसलेला धक्का टायरॉडमार्गे (चाके वळवणाऱ्या दांड्यांमार्गे) दुसऱ्या चाकाकडे आणि तेथून परत असा हेलकावे खात राहतो. सैलपणा किंगपिनमध्येच आहे की हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बेअरिंगमध्ये, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे आणि तिच्यासाठी सोबत दुसरा माणूस हवा. पुढचे चाक जॅकवर उचला, एक्सलखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा, टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकमुळे ड्रम आणि नकल एकजीव झालेले असतात. तरीही खेळ राहिला, तर तो किंगपिनचा.

त्यानंतर टायर डावी-उजवीकडे धरून टायरॉडचे बॉल जॉइंट पाहा, आणि शेवटी चाके जमिनीवर ठेवून बेलक्रँक पाहा. बहुतेक मिस्त्री नेमका हाच विसरतात, कारण नंतरच्या गाड्यांत तो नसतो. स्टेअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक पुढच्या आडव्या चॅनलवर बसवलेल्या या तुकड्याला ढकलते आणि त्याच्यापासून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात. सोबत्याने स्टेअरिंग चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे हलवत राहावे आणि तुम्ही खाली झोपून पाहावे. बेलक्रँक फिरण्याआधी वरखाली डुलत असेल, तर पिन व बुश संपले आहेत. चॅनलमधले पिनचे भोकही कधी कधी लंबगोल झालेले आढळते.

एक इशारा देऊन ठेवतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागच्या शाफ्टवर असतो. कधी मागचे एक चाक उचलले, तर डिफरन्शिअलमुळे दुसरे चाक मोकळे होते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. म्हणून चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका. माझ्या माहितीतल्या एका माणसाचा खांदा या एका चुकीने निखळला आहे.

चिपळूणची_जीप

काकांनी थरथरीचे सांगितलेच आहे, मी तेलाचे आणि ब्रेकचे सांगतो, कारण ते मी स्वतः भोगले आहे. आमचे अंगण उतरते आहे आणि जीप नेहमी डावी बाजू खाली करून उभी राहत असे. दोन पावसाळे मी डाव्या नकलचे बाहेरचे फेल्ट (नमद्याची पट्टी) आणि रबरी सील बदलत राहिलो, तरी गळती थांबेना. नंतर लक्षात आले की एक्सलच्या नळीच्या टोकाला, गोळ्याच्या आत, शाफ्टभोवती जे लहान सील असते तेच फाटलेले होते. डिफरन्शिअलचे तेल नळीतून नकलमध्ये उतरत होते, नकल गच्च भरली की बाहेरच्या सीलमधून ओघळत होते, आणि उरलेले स्पिंडलमधून हबकडे व तेथून ड्रममध्ये जात होते. बाहेरचे फेल्ट हे मुख्यतः धूळ-पाणी अडवण्यासाठी आणि आतले वंगण सावरण्यासाठी असते, भरून आलेल्या तेलाला ते थोपवू शकत नाही.

त्यामुळे तुमची जीप ब्रेक दाबल्यावर उजवीकडे ओढते यात मला नवल वाटत नाही. डाव्या लायनिंगला तेल लागले की डावा ब्रेक दुबळा पडतो आणि उजवा एकटा काम करतो. अर्थात व्हील सिलिंडर गळत असला तरी हेच होईल, म्हणून ड्रम काढल्यावर आतला ओलसरपणा बोटावर घेऊन पाहा. गिअर ऑइल चिकट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते पाण्याने जात नाही. ब्रेक ऑइल मात्र पाण्याखाली धरले की धुऊन निघते. तेल प्यायलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याचा मोह होईल, पण तो आवरा. पहिल्या घाटात ब्रेक तापले की मुरलेले तेल परत वर येते.

आणखी एक गोष्ट अगोदर करा. डिफरन्शिअलच्या भरणीचा प्लग उघडून पातळी पाहा. ती उतरलेली आणि डावी नकल मात्र तुडुंब, असे आढळले तर निदान तेथेच झाले म्हणून समजा. एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याचे भोक) चिखलाने बुजलेला नाही ना, तेही पाहा. तो बुजला की तापलेल्या हवेचा दाब नव्या सीललाही बाहेर ढकलतो.

नाशिक_जिप्सी

मी सीजेवाला नाही, पण जिप्सीच्या पुढच्या एक्सललाही किंगपिन आणि पत्त्याच असतात आणि आमच्याकडेही हाच रोग घरोघरी आहे, म्हणून लिहितो. डँपरला इतके टाकून बोलू नये असे मला वाटते. माझ्या गाडीला चार वर्षांपासून आहे आणि दगडगोट्यांच्या वाटेवर मनगटांना चांगलाच आराम मिळतो.

उद्यमनगर_लेथ

नाशिककर, निरोगी एक्सलवर डँपर लावायला माझी काहीच हरकत नाही. सैल एक्सलवर लावला की तो थरथर झाकतो आणि आतली झीज चालू राहते, एवढेच माझे म्हणणे आहे. डँपरचे रबर संपले त्या दिवशी थरथर दुप्पट होऊन परत येते, आणि तोवर बेअरिंगची वाटीही खड्डे पडून गेलेली असते.

गारगोटीकर, एक्सल उघडायचे ठरवलेत तर सामान "जीपचे बेअरिंग" म्हणून मागू नका, नंबरावर मागा. किंगपिनचे कोन (बेअरिंगचा आतला, रोलरचा भाग) ११५९० आणि कप (बाहेरची वाटी) ११५२०, हबचे कोन १८५९० आणि कप १८५२०. पुण्याच्या नाना पेठेत किंवा आपल्या कोल्हापुरात नंबर सांगितला की दुकानदार गाडी कोणती हे विचारतही नाही. कोन आणि कप जोडीनेच बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घातला तर पैसे पाण्यात जातात.

पत्त्या बसवताना वर आणि खाली जवळपास सारख्याच जाडीच्या ठेवा, म्हणजे शाफ्टचा जॉइंट गोळ्याच्या मध्यावर राहतो. पत्ती काढली की दाब वाढतो, घातली की कमी होतो, आणि तीन-पाच थाऊंचाही (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक हाताला कळतो. टायरॉड सोडवलेला असताना आणि बाहेरचे सील बसवण्यापूर्वी नकल हाताने फिरवून पाहा. ती आपल्या वजनाने लोंबकळत सुटता कामा नये आणि अडतही जाता कामा नये, सारख्या विरोधाने फिरली पाहिजे. जवळ स्प्रिंगचा काटा असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून घ्या. सर्वांत शेवटी टो-इन लावा. ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. तुमच्या गॅरेजने हेच काम सर्वांत आधी केले, म्हणून ते आठवडाभरही टिकले नाही.

हबचे नट छिन्नी-हातोडीने सोडवू नका. त्याला २ पूर्णांक १/१६ इंचाचा खोल पाना लागतो आणि तो आपल्याकडे आहे. सध्या तो चिपळूणला असावा.

चिपळूणची_जीप

आहे, माझ्याकडेच आहे. उद्याच्या एसटीच्या पार्सलने कोल्हापूर स्थानकावर पाठवतो. पिशवीत नेहमीची छोटी वही आहे, तिच्यात गावाचे नाव, काय उघडले आणि कोणत्या नंबरचे काय बसवले एवढे लिहायचे आहे.

उद्यमनगर_लेथ

पार्सल मी सोडवून घेतो. गारगोटीकर, रविवारी सकाळी सातच्या सुमारास मी तुमच्याकडे पोहोचतो. दोन घोड्या, स्प्रिंगचा काटा आणि कप बाहेर काढायची पितळी सळई मी आणतो. तुम्ही रॉकेल, चिंध्या, ९० नंबरचे गिअर ऑइल आणि दोन जुन्या पराती तयार ठेवा. जेवणाचा घाट घालू नका, पिठलं-भाकरी पुरे.

गारगोटीकर_३बी

रविवारी काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

डिफरन्शिअलच्या प्लगमध्ये बोट घातले तर तेल लागलेच नाही, आणि डाव्या नकलचा प्लग उघडताच पाव परात भरली. चिपळूणच्या दादांचा अंदाज अक्षरशः खरा ठरला. ब्रेक दाबून चाक हलवले तेव्हा खेळ तसाच राहिला, म्हणजे किंगपिनही गेलेले. हबची टोपी आणि फ्लँज काढून बाहेरचा नट, वाकवलेली चकती आणि आतला नट या क्रमाने सगळे सुटले. ब्रेकची प्लेट काकांनी तारेने स्प्रिंगच्या पाट्याला टांगून ठेवली, कारण तिचे वजन ब्रेकच्या होजवर येऊ द्यायचे नसते. मी एकटा असतो तर ती नक्कीच लोंबकळत सोडली असती. वरच्या किंगपिनचा कप बाहेर काढून उन्हात धरला तेव्हा त्यात प्रत्येक रोलरच्या अंतराने एकेक उभी खाच दिसली, जणू कोणी नखाने ओढावी तशी. सरळ चालताना नकल त्याच जागी राहते, त्यामुळे वर्षानुवर्षांचे सगळे धक्के त्याच रेषांवर बसले होते. गोळ्यावर गंजाचे खड्डे होते. ते पॉलिश पेपरने घासून, एपॉक्सी भरून पुन्हा घासले, नाही तर नवे फेल्ट महिन्याभरात कुरतडले गेले असते.

हबचा नट कसताना चाक फिरवत ठेवायचे, ते अडेपर्यंत कसायचे आणि मग एक षष्ठांश फेरा सैल करायचा, असे मॅन्युअल सांगते. काका म्हणाले की नटाला सहा कडा आहेत, एक कड मागे घ्या, हिशेब करू नका.

आता खरी गोष्ट सांगतो. एवढे सगळे करून संध्याकाळी चालवली तेव्हा ब्रेक सरळ लागत होता, गळती बंद होती, पण थरथर निम्मीच गेली होती. मी हिरमुसलो होतो. काका मात्र खाली झोपले, मला स्टेअरिंग हलवायला लावले आणि दोन मिनिटांत हसत बाहेर आले. बेलक्रँक पिनवर चांगला डुलत होता. सकाळी नकलचा खेळ सापडल्याच्या आनंदात आम्ही दोघेही तो पाहायचा विसरलो होतो. पिन आणि बेलक्रँक काढून ते सोबत घेऊन गेले आणि बुधवारी उद्यमनगरातून नवी पिन व गनमेटलचे बुश घेऊन परतले. मजुरी विचारली तर त्यांनी फक्त मालाचे पैसे घेतले. त्यानंतर टो-इन लावले, पुढचे असमान झिजलेले टायर मागे टाकले, आणि गारगोटी ते राधानगरी जाऊन आलो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग एकदा दचकते आणि गप्प बसते.

उजवी नकल पुढच्या महिन्यात उघडणार आहे, तेव्हा पाना तोवर माझ्याकडे ठेवला तर चालेल का? कोणाला आधी हवा असेल तर सांगा, लगेच पाठवतो.

चाळीसगाव_सीजे

मला हवा आहे, पण घाई नाही. उजवी बाजू उरकून घ्या, मग एसटीने टाका. वहीत बेलक्रँकच्या बुशाचे बाहेरचे आणि आतले माप तेवढे लिहून ठेवा, माझाही डुलतो आहे.