मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यातली थकलेली मजुरी आणि ओव्हरटाइम. सही करावी की दावा लावावा?

नमस्कार. सोलापूरच्या कामगार न्यायालयात केस चालवलेले किंवा या विषयातले जाणकार कोणी असतील तर कृपया लवकर सांगा.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूम चालवायचे. पाळी बारा तासांची, मजुरी नगावर. कारखाना आता बंद आहे आणि शेवटच्या काही महिन्यांची मजुरी अडकली आहे. ओव्हरटाइम तर इतक्या वर्षांत कधीच मिळाला नाही. दिवाणजीचा निरोप आलाय की अर्धी रक्कम रोख घ्या आणि ‘पूर्ण हिशेब मिळाला, काही येणे नाही’ अशा कागदावर सही करा. लूम भंगारात काढणार असं कानावर आल्यापासून वडील सहीला तयार झालेत. घर सध्या आईच्या विड्यांवर चाललंय, त्यामुळे मलाही त्यांना ठामपणे अडवता येत नाही.

मालक म्हणतो, नगावर काम करणाऱ्याला कसला ओव्हरटाइम? पण नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ५९ मध्ये दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम केलं तर दुप्पट दर होता, आणि नगावरच्या कामगारासाठी आधीच्या महिन्यातल्या पूर्णवेळ कमाईची रोजची सरासरी धरून तो दर काढायचा, हेही तिथेच लिहिलं होतं. म्हणजे हक्क आहेच.

अडचण पुराव्याची आहे. हजेरी कार्ड नाही, पगाराची पावती नाही. सोलापूरचा टॉवेल कुठे कुठे जातो, आणि तो विणणाऱ्याकडे आपण तिथे कामाला होतो हे दाखवायला एक कागद नसावा, याची फार चीड येते. वडिलांची एक डायरी तेवढी आहे, तेलाचे डाग पडलेली: तारीख, लूम नंबर, किती नग, किती उचल, रात्रपाळीला खूण. सगळं तेलुगूत. ही डायरी कोर्टात चालते का? भाषांतर करून कोणाकडून प्रमाणित करावं लागतं?

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात मुदत बारा महिन्यांची होती. मग त्या तारखेआधीच्या थकबाकीला कुठली मुदत धरतात?

सगळ्यात महत्त्वाचं, अर्धे पैसे घेऊन सही केली तर बाकीचा दावा संपतो का? ‘हक्क राखून स्वीकारले’ असं लिहून पैसे घेता येतात का? आणि लूम विकण्याआधी स्थगिती मागायची तर सुरुवात सहायक कामगार आयुक्तांकडून करायची की थेट कोर्टातून?

शिवण आणि पॅकिंगच्या काही बायकांचेही पैसे अडकलेत. एकत्र अर्ज करता येतो असं वाचलंय, त्या तयार आहेत. कामगारांच्या बाजूने लढणारा सोलापुरातला वकील माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

सहीसाठी वडिलांना शनिवारी बोलावलंय. त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.