वस्तीतील मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी मंडळाने नेमके काय करावे? (नागपूर)

नंदनवनची_आई

नमस्कार. मी नंदनवन भागात राहते आणि आमच्या नगरातील नागरिक मंडळाचे सचिवपद यंदा माझ्याकडे आले आहे. प्रश्न मंडळाचा असला तरी त्याची सुरुवात आमच्याच घरात झाली, म्हणून आधी तेवढे सांगते.

माझा मोठा मुलगा गेल्या वर्षी अकरावीत होता. महाविद्यालयातील प्रवेश नावापुरता आणि सगळा दिवस शिकवणी वर्गात, ही आता आपल्या शहरात नेहमीची गोष्ट झाली आहे. त्या वर्गात दर पंधरा दिवसांनी चाचणी होत असे आणि गुणांप्रमाणे मुलांची तुकडी बदलली जात असे. दिवाळीनंतर तो पहिल्या तुकडीतून तिसऱ्या तुकडीत गेला, खाली खेळायला उतरेनासा झाला, ताट खोलीत नेऊन जेवू लागला आणि काहीही विचारले की चिडू लागला. मला ते वयाचे लक्षण वाटले आणि मी त्याला आणखी मेहनत करायला सांगत राहिले. दादा रात्रभर झोपत नाही आणि उशीत तोंड खुपसून रडतो, हे मला फेब्रुवारीत माझ्या धाकट्या मुलीने सांगितले. त्यानंतर आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आज तो पुष्कळ सावरला आहे आणि हे येथे लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आहे.

उपचार सुरू असताना कळले की आमच्याच गल्लीतील आणखी तीन घरे अशाच काळातून जात होती आणि प्रत्येक घर ते इतर घरांपासून लपवत होते. हा विषय मी मंडळाच्या बैठकीत मांडला तेव्हा सर्वांनी आनंदाने होकार दिला आणि १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, समाजभवनात मोठे व्याख्यान ठेवण्याचे ठरले. पाहुणे, शाल-श्रीफळ, ध्वनिक्षेपक आणि नाश्ता असा खर्चाचा अंदाजही तयार झाला. मी मात्र अस्वस्थ आहे, कारण गेल्या वर्षी असे व्याख्यान असते तर माझा मुलगा तेथे पाऊलही ठेवता ना. मुलांना खरोखर उपयोगी पडेल असे एखादे मंडळ काय करू शकते, आणि एखाद्या कुटुंबाला तातडीने मदत हवी असेल तर नागपुरात त्यांना कोठे पाठवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुपदेशिका_महाल

ताई, आपली अस्वस्थता रास्त आहे. मी अकरा वर्षे शालेय समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि या काळात अशा व्याख्यानांना मीही अनेकदा वक्ता म्हणून गेले आहे. मुले पुढच्या रांगांत बसतात, पालक मागे बसतात, आणि प्रश्न विचारण्याची वेळ आली की एखादे वडील उठून मुलाचे अभ्यासात लक्ष लागण्यासाठी काय करावे हे विचारतात. ज्या मुलीला खरोखर काही सांगायचे असते, ती आपल्या आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या देखत हात वर करणार तरी कशी? व्याख्यान वाईट नसते, त्याने मोठ्यांची भाषा थोडी सुधारते, परंतु त्या एका संध्याकाळीच सगळा पैसा आणि उत्साह संपतो आणि ११ ऑक्टोबरला मुलांसाठी काहीच उरत नाही.

आमच्या शाळेत जे रुजले ते फार साधे होते. दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर एक खोली उघडी असे, तेथे मी स्वतः बसलेली असे आणि येणाऱ्याला कारण विचारले जात नसे. पहिले दोन महिने जवळजवळ कोणीच आले नाही. मग एक मुलगी नुसती चित्र काढायला येऊ लागली, तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, आणि सहाव्या महिन्यात त्यांतल्या एकीने घरातील मारहाणीविषयी पहिल्यांदा तोंड उघडले. तीच जागा, तीच वेळ आणि तेच माणूस एवढे मिळाले की मूल आपल्या सवडीने जवळ येते. आपल्या मंडळाला हे समाजभवनात आठवड्यातून दोन तास सहज जमण्यासारखे आहे.

मात्र त्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या माणसांची निवड जपून करावी. दोन किंवा तीन व्यक्ती पुरेशा आहेत, त्यांत एक तरी स्त्री असावी, आणि त्यांनी एखाद्या मानसोपचार विभागाकडून ऐकून घेण्याचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे. त्यांनी उपचार करायचे नाहीत आणि उपदेशही करायचा नाही. मुलाला आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगावी, की तू बोललेले मी कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला योग्य माणसांना सांगावेच लागेल. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) माहिती देणे बंधनकारकच केले आहे. ही मर्यादा नंतर उघड झाली तर मुलाला ती फसवणूक वाटते.

आपण ज्या तुकड्यांविषयी लिहिले आहे, त्याबद्दलही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. एकटा पालक हे विचारायला गेला तर त्याच्या मुलावर राग निघेल अशी भीती असते. मंडळाच्या पत्रशीर्षावर पंचवीस पालकांच्या सह्यांनिशी विचारणा गेली तर उत्तर द्यावे लागते. मला विचाराल तर मंडळ करू शकेल असे सर्वांत मोलाचे काम कदाचित हेच असेल.

ओपीडीतील_समाजसेविका

मी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते.

नागपुरात मानसोपचार म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मानकापूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येते, आणि त्याला आपल्याकडे ज्या नावाने ओळखतात ते नाव मुलाच्या कानावर पडू नये म्हणून कुटुंबे वर्षभर घरीच थांबतात. या थांबण्याने फार नुकसान होते. १८६४ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयात आजही चांगले काम चालते, परंतु झोप उडालेल्या किंवा शाळा टाळणाऱ्या मुलासाठी तेथेच गेले पाहिजे असे नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि मिहान भागातील एम्स या तिन्ही ठिकाणी इतर विभागांसारखाच मानसोपचाराचाही बाह्यरुग्ण विभाग आहे. सर्दी-खोकल्याच्या रुग्णाप्रमाणेच चिठ्ठी काढायची आणि रांगेत बसायचे. सकाळी लवकर यावे, आणि पहिल्या भेटीत आई-वडिलांनी मुलाच्या आधी सगळी हकीकत स्वतःच सांगून टाकू नये. डॉक्टरांना मुलाशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे.

पालकांची दुसरी भीती म्हणजे मुलाला भरती करून घेतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या बाबतीत मुलांच्या बाजूने फार काटेकोर आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते, त्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ त्याच्यासोबत राहते. आमच्याकडे येणारी बहुसंख्य मुले तपासणी आणि बोलणे झाल्यावर त्याच दिवशी घरी जातात.

रात्री-बेरात्री फोनवर कोणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस या शासकीय दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मूल स्वतः संकटात असेल, घरात किंवा बाहेर त्याला मारहाण होत असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. हे दोन क्रमांक समाजभवनाच्या फलकावर, ग्रंथालयात आणि किराणा दुकानाच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावणे हे मंडळाने उद्याच करण्यासारखे काम आहे. खासगी मदत घ्यायची असेल तर नुसत्या पाटीवर विसंबून राहू नये. औषध देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना असतो, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, जे २०१५-१६ मध्ये झाले, १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला होता. शंभर मुलांच्या वस्तीत हे प्रमाण धरले तर सात मुले होतात. ताईंना आपल्या गल्लीत चार घरे आढळली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती विचारायला सगळेच कचरतात. मूल जगण्याविषयी निराश बोलू लागले तर, “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का,” असे शांतपणे आणि थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज चुकीचा आहे. उलट आपल्याला कोणी हे विचारू शकते, यानेच अनेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे, फिनाईल आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. रात्र असेल तर मेडिकलचा अपघात विभाग उघडा असतो.

बीएस्सी_दुसरे_वर्ष

मी बारावीत असताना दीड वर्ष औषधे घेतली आहेत, म्हणून थोडे लिहितो. कृपया त्या खोलीवर ‘मानसिक आरोग्य केंद्र’ अशी पाटी लावू नका. ज्या दारावर ती पाटी असेल त्यातून कोणत्याही मुलाला मित्रांच्या देखत आत जाता येणार नाही. कॅरम ठेवा, वाचनालय म्हणा, सायकल दुरुस्तीची जागा म्हणा. मला डॉक्टरांइतकाच आधार आमच्या भागातील अभ्यासिकेच्या काकांचा झाला, कारण माझे गुण न विचारणारे त्या वर्षातले ते एकमेव मोठे माणूस होते. आणखी एक विनंती अशी, की कार्यक्रमाची छायाचित्रे मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. कोण आले होते हे गावभर होते आणि पुढच्या वेळी कोणी येत नाही.

समुपदेशिका_महाल

छायाचित्रांविषयीचे आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. पाटीविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. मनाच्या आजाराचे नाव आपण सतत झाकत राहिलो तर पुढच्या पिढीलाही ते झाकावेसेच वाटेल. पण जे स्वतः त्या दारासमोर उभे राहिले आहेत त्यांचा अनुभव माझ्या मतापेक्षा वजनदार आहे, तेव्हा दारावर वाचनालय आणि आतल्या भिंतीवर १४४१६, असा मध्य काढता येईल.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

खोलीत बसणे सगळ्या मुलांच्या स्वभावात नसते, विशेषतः मुलग्यांना मैदानावर बोलते करणे सोपे जाते. याचे उदाहरण शोधायला नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. चेंडूच्या निमित्ताने मुले रोज एका ठिकाणी येऊ लागली की व्यसन, शाळागळती, घरातील भांडणे हे विषय आपोआप समोर येतात, हे मी माझ्या नोकरीतही पाहिले. नंदनवन परिसरात नागपूर सुधार प्रन्यासची (शहर विकासाचे काम पाहणाऱ्या संस्थेची) मैदाने आहेत, त्यांपैकी एकावर आठवड्यातून तीन संध्याकाळ खेळ सुरू करावा आणि गुणवत्तेने संघ निवडू नये. जो येईल तो खेळेल.

आपल्या तान्ह्या पोळ्याचा विचार करा. त्या दिवशी लेकरू लाकडी नंदी घेऊन प्रत्येक दारी जाते आणि प्रत्येक घर त्याला बोजारा (खाऊ किंवा पैसे) देते, कोणाचा नंदी लहान म्हणून त्याला रिकामे पाठवत नाही. वस्तीतले प्रत्येक घर त्या एका दिवशी प्रत्येक मुलाचे असते. तेच मूल सोळा वर्षांचे झाले की त्याला त्याच दारांवर फक्त निकाल विचारला जातो. मंडळाच्या पहिल्या बैठकीत मोठ्यांकडून एवढेच कबूल करून घ्यावे, की रस्त्यात भेटलेल्या मुलाला टक्केवारी विचारायची नाही.

नंदनवनची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बैठक झाली. व्याख्यान पूर्ण रद्द करायला ज्येष्ठ सदस्य तयार झाले नाहीत, पण ते फक्त पालकांसाठी आणि तासाभराचे ठेवायचे, आणि शाल-श्रीफळ व नाश्ता यांचा खर्च वगळून ती रक्कम कॅरम, पुस्तके आणि दोन फुटबॉल यांकडे वळवायची, हे मान्य झाले. समाजभवनातील मागची खोली दर शनिवारी उघडी राहील. मी आणि एक निवृत्त परिचारिका तेथे बसणार आहोत, आणि प्रशिक्षणासाठी मेडिकलच्या मानसोपचार विभागाला पत्र दिले आहे. शिकवणी वर्गांना पाठवायच्या पत्रावर आजपर्यंत एकोणीस सह्या झाल्या आहेत.

एक अडचण मात्र माझ्या मुलीने दाखवून दिली. आम्ही वेळ संध्याकाळी सहा ते आठ ठरवली होती आणि ती म्हणाली की आमच्या गल्लीतील निम्म्या मुलींना सातनंतर घराबाहेर राहू देत नाहीत. म्हणून आता ती वेळ दुपारी चार ते सहा केली आहे. ज्यांचे शिकवणी वर्ग शनिवारी दुपारी असतात त्यांच्यासाठी रविवारी सकाळी आणखी एक तास ठेवता येईल का, हे पाहते आहे. त्या वेळेला बसू शकेल अशी पूर्व नागपुरातील कोणी व्यक्ती येथे असेल तर कृपया मला खासगी संदेश पाठवावा.